कात्री लागण्याआधीचं रेशीम

धर्माबादचं नाव मिरचीच्या बाजारामुळे दूरवर गेलं, पण इथल्या लग्नाच्या बस्त्यात रेशीम दोन दिशांनी येतं. पश्चिमेकडून पैठणी, तेलंगणाकडून गडवाल, पोचमपल्ली आणि नारायणपेठ. १९५६पर्यंत धर्माबादचा नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पुढे सीमा बदलली, बस्त्याची वाट फारशी बदलली नाही.

साडी नेसायची असेल तर घडी मोडली की काम झालं. ब्लाऊज किंवा परकर-पोलकं शिवायचं म्हटलं, की रेशमाची परीक्षा सुरू होते. चुकलेली टीप उसवली तरी सुईची भोकं राहतात आणि आखूड झालेली बाही लांब होत नाही. रेशमी कपडा बिघडतो तो बहुतेक वेळा मशिनवर नव्हे, त्याआधी न केलेल्या तयारीमुळे.

डिंक आणि धागा

मराठवाड्याला रेशीम आता परकं नाही. इथले शेतकरी तुतीवर अळ्या पाळतात. पूर्वी कोष विकायला कर्नाटकातलं रामनगर गाठावं लागे. २०१८ साली जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली. कोषातल्या धाग्यात मूळ तंतू असतो फायब्रॉइनचा, आणि त्यावर सेरिसिन नावाच्या नैसर्गिक डिंकाचा थर. साबणाच्या गरम पाण्यात हा डिंक काढला, की धागा मऊ होतो, चमकतो आणि सुमारे चौथाई वजन गमावतो. ऑर्गन्झा कडक असतो, कारण त्याच्या धाग्यात डिंक मुद्दाम राहू दिलेला असतो. तो धुऊन मऊ करायचा म्हणजे त्याचा ऑर्गन्झापणाच घालवायचा.

फायब्रॉइन आणि सेरिसिन, दोन्ही प्रथिनं. म्हणून धुण्याचा सोडा आणि प्रथिनांचे डाग खाणाऱ्या एन्झाइमवाल्या पावडरी रेशमालाही खातात. क्लोरीनच्या ब्लीचने ते पिवळं पडतं आणि विरतं. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, तेव्हा चोळणं-पिळणं नको.

आटतं कोण?

विणताना धागे ताणलेले असतात. पहिलं पाणी लागलं की ते सैल पडतात आणि कापड आटतं. साध्या विणीचं रेशीम थोडं आटतं. क्रेप आणि जॉर्जेटच्या धाग्याला पीळ जास्त, म्हणून ती जास्त आखडतात. पण ब्लाऊजच्या बाबतीत खरा गुन्हेगार बहुधा आत लपलेला असतो, तो म्हणजे सुती अस्तर. ३६ इंच छातीच्या ब्लाऊजचं अस्तर शेकडा ४ आटलं, तर जवळजवळ दीड इंच गेला. वरचं रेशीम तेवढंच राहतं, मग काखेत आणि पाठीवर चुण्या पडतात. दोष शिवणाऱ्याच्या हाताला दिला जातो, खरा चुकलेला असतो तो अस्तर भिजवायला लागणारा अर्धा दिवस.

गडवालमध्ये हाच प्रश्न एकाच कापडात असतो. पारंपरिक गडवालचं अंग सुती, काठ-पदर रेशमी. अशा साडीचा कुर्ता किंवा परकर न भिजवता शिवला, तर पहिल्या धुण्यात अंग आखडतं आणि काठ लाटांसारखा उभा राहतो.

पाणी कसलं?

धर्माबाद तालुक्यात पाणी म्हटलं की आधी गोदावरीवरचा बाभळी बंधारा आठवतो.  तेलंगणाशी असलेला तिथला वाद पाणी किती, याचा आहे. रेशमाला पाणी कसलं, हे आधी विचारावं लागतं. बोअरचं पाणी जड असेल, तर साबणाचा फेस होत नाही, चिकट साका होतो आणि तो कापडावर बसून चमक मारतो. इथे आजीचा रिठा कामाला येतो. रिठ्याच्या फेसाला जड पाणी फारसं आडवं येत नाही आणि त्यात सोड्याचा तिखटपणा नसतो. रिठे भिजवून त्यांचं पाणी मात्र नीट गाळून घ्यावं, नाहीतर फिकट रंगावर तपकिरी झाक येते.

रीत सोपी आहे. आधी पांढरं ओलं फडकं कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर दाबून रंग जातो का ते बघावं. कडेचा छोटा चौकोन मापून भिजवावा, वाळवावा, इस्त्री करून पुन्हा मापावा. ठीक वाटलं तर सगळं कापड थंड पाण्यात एकदमच बुडवावं, कारण अर्धवट शिंतोड्यांचे डाग पडतात. दोन-तीन मिनिटांत काढून टॉवेलात गुंडाळून दाबावं, सावलीत वाळवावं आणि किंचित दमट असताना उलट्या बाजूने, बेताच्या तापाची इस्त्री फिरवावी. इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने फिरवायची. तिरकी ओढली तर कटोरीचे उरेब काप वेडेवाकडे होतात.

जे भिजवायचं नाही

जरीचं कापड या रीतीतून बाहेर. चांदीची जर काळवंडते, तांब्याची त्याहून लवकर. पैठणीच्या ब्लाऊजपीसला पाणी दाखवू नये. मधे पातळ सुती फडकं घालून हलकी इस्त्री पुरे, आणि शिवल्यावर ड्रायक्लीन. तिथे भिजवायचं ते फक्त अस्तर.

आईच्या जुन्या साडीचं परकर-पोलकं शिवताना आटण्याची भीती नसते, ती कधीच आटून गेलेली असते. तिथे धोका घडीचा. साडी उजेडासमोर धरावी. वर्षानुवर्षांच्या घडीवर धागे विरले असतील तर बारीक चिरा दिसतात. ती रेघ टाळूनच काप मांडावेत.

हे सगळं शिवणाऱ्यांना ठाऊक असतं. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीत वेळ नसतो, आणि भिजवण्याची वेगळी मजुरी कोणी देत नाही, म्हणून ते राहून जातं. तेव्हा रेशमी कापड सणाच्या तोंडावर नेऊन टाकू नका. चार दिवस आधी द्या, सोबत स्वतः भिजवून वाळवलेलं अस्तर द्या, आणि तयारी त्यांनी करावी असं वाटत असेल तर तिचे पैसे शिलाईत धरून द्या.