मॅच किती वाजता? सूर्याला विचारा!

सकाळी नऊची मीटिंग म्हणजे आपल्याला शिक्षा वाटते ना? गेल्या जानेवारीत लेहमध्ये मी साडेसातलाच एका गोठलेल्या तळ्याकाठी उभी होते. अंगावर कपड्यांचे चार थर, आणि नाक जागेवर आहे की गेलं, याचा पत्ता नाही. समोर पंधरा-सतरा वर्षांची पोरंपोरी स्केट्सच्या लेस आवळत होती. ज्युनिअर नॅशनल्सची तयारी चालली होती. आइस हॉकीची, बरं का!

खेळ समजायला सोपा. गोलकीपर धरून सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड आणि बॉलऐवजी पक, म्हणजे साधारण १७० ग्रॅमची रबरी चकती. ती अंगावर आली की हेल्मेट, पॅड्स वगैरे जामानिमा कशाला, ते कळतं. दमलेला खेळाडू मॅच चालू असतानाच बाहेर येतो, ताजा आत जातो. लेहची उंची साधारण ३,५०० मीटर. मी हॉटेलचा एक जिना चढून धापा टाकत होते आणि ही मंडळी सुसाट!

खरी गंमत बर्फाची. तळं गोठलं तरी ते खडबडीत असतं. म्हणून रात्री त्यावर पाणी सोडायचं, गोठू द्यायचं, पुन्हा सोडायचं. हे काम मुलंच करतात, मोठ्यांच्या जोडीने. ऊन चढलं की वरचा थर मऊ पडतो, ब्लेड रुततं आणि खेळ खलास. त्यामुळे मॅच सकाळी नाहीतर संध्याकाळी. टाइमटेबल कागदावर, निर्णय सूर्याचा.

तिथली एक गोलकीपर सतरा वर्षांची. अंडर-१८ गटातला तिचा हा शेवटचा हिवाळा. बाराव्या वर्षी खेळायला लागली, म्हणजे पाच हिवाळे झाले. नैसर्गिक बर्फ टिकतो जेमतेम दोन महिने. मी बोटांवर हिशेब केला, अख्खं ज्युनिअर करिअर दहा महिन्यांचं! कॅनडातल्या पोराला इनडोअर रिंकवर एवढा बर्फ वर्षभरात मिळतो. त्यात हिवाळा उशिरा आला की तिचे आठवडेच कापले जातात. इन्क्रिमेंट हुकल्यावर आपण किती कुरकुरतो...

डेहराडूनला २०११ मध्ये साउथ एशियन विंटर गेम्ससाठी इनडोअर रिंक बांधलं होतं. नंतर ते वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं. २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण लेहहून तिथे पोचणं म्हणजे खर्च आणि शाळा बुडवणं. मधली वर्षं फुकट गेली, याचा मला अजूनही राग येतो.

तरीही पोरी थांबलेल्या नाहीत. भारताच्या महिला संघाने २०१६ मध्ये पहिली चॅलेंज कप ऑफ एशिया खेळली, सगळ्या मॅच हरल्या. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ ने हरवलं. २०२५ मध्ये महिलांच्या आशिया कपमध्ये ब्राँझ! संघात बहुतेक लडाखच्याच मुली, अशाच तळ्यांवर शिकलेल्या. आमच्या गोलकीपरला हे सगळे स्कोअर पाठ आहेत.

साडेदहाला ऊन तळ्यावर पोचलं. कोचनी टाच आपटून पाहिली, शिट्टी वाजवली. तिने मास्क काढला, गाल लालबुंद.

"सर, उद्या किती वाजता?"

"सातला. ढग असले तर आठला."

तिने वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं.