सीड एकदा लावून भागत नाही

चल निवडणाऱ्या पद्धतीची पारख खऱ्या डेटावर करणे अवघड, कारण कोणते चल खरे हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून डेटा आपणच घडवायचा. रॉबर्ट टिब्शिरानींनी १९९६ मध्ये लॅसो ही चल निवडणारी पद्धत मांडताना तेच केले: आठ चल, गुणांक ३, १.५, ०, ०, २, ०, ०, ०, शेजारच्या चलांत ०.५ सहसंबंध, २० निरीक्षणे आणि असे ५० डेटासंच. तीन चल कामाचे, पाच नुसते गर्दी करणारे. २००१ मध्ये फॅन आणि ली यांनी आपली स्कॅड पद्धत तपासायला हेच गुणांक घेतले. नवी पद्धत हाती आली की मीही आधी याच आकड्यांवर चालवून बघतो.

पहिल्या दमात लिहिलेला कोड बहुधा आर या भाषेतली एकच लांबलचक स्क्रिप्ट असतो. वर यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारे सीड, खाली लूप, लूपच्या पोटात डेटा, लॅसो, मोजणी, सगळेच. सीड लावले म्हणजे आकडे पुन्हा तेच येणार ही समजूत कोडला कोणी हात लावत नाही तोवर खरीही असते. मग गाईड म्हणतात, ‘इलॅस्टिक नेटही घाला की यात.’ या आणखी एका पद्धतीसाठी दोन ओळी वाढतात आणि तक्त्यातली लॅसोची ओळसुद्धा बदलते. लॅसोच्या एका अक्षरालाही कोणी हात लावलेला नसतो.

कारण साधे आहे. इलॅस्टिक नेटचा लॅम्डा, म्हणजे किती चल गाळायचे ते ठरवणारा आकडा, क्रॉस-व्हॅलिडेशनने निवडतात, आणि क्रॉस-व्हॅलिडेशन निरीक्षणे दहा गटांत यादृच्छिकपणे वाटते. त्यासाठी लागणारे आकडे ते यादृच्छिक आकड्यांच्या त्याच प्रवाहातून उचलते, ज्यातून पुढच्या फेरीचा डेटा तयार व्हायचा होता. त्यामुळे पहिली फेरी जुनीच राहते आणि दुसरीपासून डेटाच वेगळा. यावर तोड अशी की प्रत्येक फेरीला तिचा स्वतंत्र प्रवाह द्यायचा, आणि डेटाचा प्रवाह पद्धतींच्या प्रवाहापासून तोडायचा. आरमध्ये लेक्युयेर यांचे यादृच्छिक आकड्यांचे जनित्र त्यासाठीच आहे. एकमेकांपासून दूरदूरचे प्रवाह ते काढून देते. मग काम आठ कोअरवर वाटले तरी कोणती फेरी कोणाकडे गेली याने फरक पडत नाही. क्रॉस-व्हॅलिडेशनचे गटही मी एकदाच पाडून सगळ्या पद्धतींना तेच देतो. तुलना करायची तर एवढे समान हवेच.

फंक्शने तीन: डेटा घडवणारे, चल निवडणारे, गुण देणारे. निवडणाऱ्याच्या हाती फक्त एक्स आणि वाय. खरे गुणांक त्याच्यापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. पोचले की कोणीतरी, कधीतरी, लॅम्डा ठरवताना तिकडे डोकावतेच.

साठवायचे काय, यावर मात्र मी हट्टी आहे. सरासरी साठवू नये. फेरीगणिक निवडलेल्या चलांची यादी साठवावी. परीक्षक सहा महिन्यांनी निवडलेल्या चलांत चुकीच्यांचे प्रमाण विचारतात, आणि हाती नुसती सरासरी असेल तर सगळे पुन्हा चालवावे लागते. शिवाय एखाद्या फेरीत पद्धत एकही चल निवडत नाही. तेव्हा ते प्रमाण शून्य भागिले शून्य होते, आर तिथे ‘नॅन’ लिहितो, आणि सरासरी काढताना रिकाम्या जागा वगळण्याची सवय ती फेरी गुपचूप गाळून टाकते. अशा फेरीत प्रमाण शून्य धरायचे, हे कोडमध्येच लिहून ठेवावे. अभिसरण न झालेल्या फेऱ्याही नोंदवाव्यात. अडलेल्या फेऱ्या वगळल्या की कोणतीही पद्धत हुशार दिसते.

फेऱ्या किती? बरोबर निवडीचे प्रमाण ०.८ असेल तर १०० फेऱ्यांत त्याची प्रमाण त्रुटी ०.०४ येते, १०,००० फेऱ्यांत ०.००४. शंभर फेऱ्यांवर ०.८० आणि ०.८२ यांत विजेता ठरवणारे तक्ते छापले जातात, ते वाचावेत आणि पान उलटावे.

आरची आवृत्ती टिपून ठेवायची ती २०१९ च्या अनुभवामुळे. त्या वर्षीच्या ३.६.० मध्ये ‘सॅम्पल’ या फंक्शनची आकडे काढण्याची रीत बदलली, सीड तेच, पण गट वेगळे.

एवढी मांडामांड झाली की ४३७ वी फेरी एकटीच उघडता येते. लॅसोने दुसरा चल सोडून निरुपयोगी तिसरा उचललेला दिसतो. डेटा बघितला की उलगडा होतो: नियमाने ०.५ असलेला सहसंबंध वीसच निरीक्षणांत कधी ०.८ पर्यंतही जातो, आणि मग दोन शेजाऱ्यांतला खरा कोण हे लॅसोला ओळखू येत नाही. स्कॅडला त्याच फेरीत काय दिसले, ते शेजारच्याच फाइलमध्ये असते.