कुंपणावरची काळी फळे : ओळखा, मगच खा

धानाची कापणी आटोपली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात मुलांची पावले शेताच्या धुऱ्याकडे वळतात. खिशात मीठ-तिखटाची पुडी, हातात लांब काठी आणि नजर बोरीच्या झुडपावर. अर्जुनी मोरगाव असो, सडक अर्जुनी असो, देवरी असो की सालेकसा, गाव तेथे हे दृश्य. आपल्या आई-आजीने कामावरून येताना पदरात बांधून आणलेला मेवा तो हाच. बोर आणि आवळा यांत क जीवनसत्त्व भरपूर असते. वरण-भाजीतले लोह अंगी लागायला त्याची मदत होते. पैसा न मोजता मिळणारे हे फळ हलके समजू नये.

पण त्याच कुंपणावर दुसरीही फळे असतात. दिसायला तशीच, चवीला कधी कधी गोड, आणि पोटात गेल्यावर जिवावर बेतणारी. म्हणून खाण्याआधी ओळख हवी.

तीन चुकीच्या समजुती

पहिली समजूत : ‘पाखरे खातात, म्हणजे आपल्यालाही चालते.’ हे खरे नाही. पाखरांचे पोट वेगळे, माणसाचे वेगळे.

दुसरी समजूत : ‘चीक निघाला म्हणजे विष, नाही निघाला म्हणजे चांगले.’ करवंदाला चीक असतो, उंबराला असतो, तरी ती फळे आपण खातो. धोतऱ्याला असा पांढरा चीक नसतो, तरी तो विषारी आहे.

तिसरी समजूत सर्वांत घातक : ‘विषारी फळ कडूच लागते.’ चंद्रज्योतीचे बी शेंगदाण्यासारखे लागते. म्हणूनच मुले एकावर थांबत नाहीत.

चाखून पाहणे ही परीक्षा नव्हे. परीक्षा डोळ्यांनी आणि नाकाने करायची असते, आणि ती फळाची नव्हे, पूर्ण झाडाची करायची असते. काटा कसा, पान कसे, फळ एकटे की घोसात, आत बी किती, वास कसा, ऋतू कोणता? ही सगळी उत्तरे जुळली तरच फळ तोंडात टाकावे. एखादीच खूण जुळून भागत नाही.

खाण्याची फळे

बोर : पानाची वरची बाजू हिरवीगार, खालची पांढुरकी आणि लवदार. देठापासून तीन ठळक शिरा निघतात. काटे बहुधा जोडीने असतात, एक सरळ आणि एक वाकडा. फळात एकच टणक आठळी. हिवाळ्यात पिकते.

येरोणी (काही गावांत एरोनी) : बोरीचीच बहीण, पण अंग टाकून दुसऱ्या झुडपावर चढणारी. काटा आकड्यासारखा, कपडा धरला की सोडत नाही. पानाचा देठाकडचा भाग तिरपा, एक बाजू मोठी आणि एक लहान. फळ वाटाण्याएवढे, पिकल्यावर काळे चकचकीत, आंबट-गोड. आत एकच आठळी.

करवंद : पाने समोरासमोर, जाड आणि चकचकीत. काटे कडक आणि जोडीने. फळ उन्हाळ्याच्या शेवटी काळे-जांभळे होते, गर लालसर आणि बिया थोड्या चपट्या.

चार : हे झुडूप नव्हे, झाड आहे. साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, पाने जाड. फळे घोसात, उन्हाळ्यात हिरव्याची काळी होतात. आठळी फोडली की आतून चारोळी निघते.

टेंभुर्णी : याचे पान ओळखायला शिकवावे लागत नाही, तेच बिडीचे तेंदूपान. फळ गोल आणि पिवळे, देठाशी वाटीसारखे टोपण चिकटलेले. कच्चे फळ जीभ आखडते, पिकलेलेच खावे.

टाळण्याची फळे

चंद्रज्योत (मोगली एरंड, रतनजोत) : जनावरे तोंड लावत नाहीत म्हणून शेताला आणि अंगणाला हिचेच कुंपण करतात. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने बियांपासून डिझेल काढण्यासाठी या झाडाची शिफारस केली. शेजारच्या छत्तीसगडात त्यानंतर त्याची मोठी लागवड झाली. खोड गुळगुळीत आणि बिनकाट्याचे, फांदी मोडली की रस गळतो. पान रुंद, एरंडासारखे, पण खाचा उथळ. फळ आधी हिरवे, मग पिवळे, शेवटी वाळून काळपट. ते फोडले की बहुधा तीन काळ्या बिया निघतात. उन्हाळ्याकडे पाने गळून जातात आणि उघड्या फांद्यांवर वाळलेली फळे तशीच राहतात. मुलांच्या हाती ती तेव्हाच लागतात. बिया खाल्ल्यावर घशात जळजळ, पोटात कळा, लागोपाठ उलट्या आणि जुलाब सुरू होतात.

पिवळी कण्हेर (बिट्टी) : पान लांब आणि अरुंद, फूल पिवळे घंटेसारखे, फळ हिरवे आणि पिकल्यावर काळे. आत बोरासारखीच एक टणक आठळी असते, म्हणून नुसत्या आठळीवर विश्वास ठेवू नये. मुले हिच्या बियांनी खेळतात. हिचे विष हृदयाचे ठोके बिघडवते.

गुंज : वेलीवर शेंगेत लाल बी, त्यावर काळा ठिपका. बी चावले गेले तर फार घातक. त्रास कधी कधी बऱ्याच तासांनी सुरू होतो. गुंजेच्या माळा लहान मुलांच्या गळ्यात घालू नयेत.

धोतरा : काटेरी गोल फळ. बिया पोटात गेल्या तर तोंड कोरडे पडते, बुबुळे मोठी होतात, मूल बरळू लागते. हे कोणाची बाधा नाही, विषबाधा आहे. वेळ उताऱ्यात घालवू नये.

घाणेरी (रायमुनिया) : पान खरखरीत, चुरगाळले की उग्र वास, फुलांच्या गुच्छात दोन-तीन रंग. फळांचा घोस हिरवा, मग काळा. हिरवी फळे विषारी आहेत. लहान मुलांना हिरवे-काळे निवडता येत नाही, म्हणून हे झुडूपच वर्ज्य समजावे.

फळ चांगले असले तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या धुऱ्यावरचे फळ तोडू नये, आणि आणलेले फळ धुऊनच खावे. अगदी लहान मुलांना आठळी काढून द्यावी, ती घशात अडकते.

चुकून खाल्लेच तर

बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. तूप, ताक, लिंबू, झाडपाला असे घरगुती उपाय करू नयेत. तोंडात राहिलेले तुकडे काढून चूळ भरायला लावावी. मूल गुंगीत असेल तर कुशीवर निजवावे आणि तोंडाने काही देऊ नये. १०८ वर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. सोबत त्या झाडाची पानासह फांदी आणि उरलेल्या बिया न्याव्यात. किती खाल्ल्या आणि किती वाजता, हे सांगावे. बरोबर खेळणाऱ्या मुलांनाही विचारावे, कारण बिया सहसा एकटे मूल खात नाही. मूल बरे दिसते म्हणून घरी थांबू नये. चंद्रज्योतीच्या विषावर उतारा नाही, पण वेळेवर सलाईन मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात.

आपल्या समाजाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पूर्व विदर्भात आपल्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. उलटी-जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा मुलाने विषारी बी खाल्ले तर धोका दुप्पट. त्याचे सिकलसेल कार्ड सोबत न्या आणि डॉक्टरांना आधी ते दाखवा. रानमेव्याने सिकलसेल बरा होतो असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवून औषध बंद करू नका.

चंद्रज्योतीचे कुंपण शाळेजवळ, अंगणवाडीजवळ किंवा विहाराच्या आवारात असेल तर ग्रामपंचायतीला सांगून ते काढायला लावावे. त्याच्या जागी मेंदीचे कुंपण लावता येते.

आणि एक काम येत्या रविवारी करता येईल. विहारात मुले जमतात, तेव्हा गावातल्या एखाद्या जाणत्या आजीला बोलवा. मुलांना घेऊन सगळे मिळून एका धुऱ्याने चाला. आजीने बोरीचे पान उलटून दाखवावे, येरोणीचा काटा दाखवावे, चंद्रज्योतीसमोर थांबून ‘हिला हात लावायचा नाही’ असे सांगावे. ज्या मुलाने झाड एकदा असे जवळून पाहिले, ते दुसऱ्या मुलाचाही हात धरून थांबवील.