बिननखऱ्याची सुपरकार

लँबोर्गिनी काउंटाश मागे घ्यायची एक ठरलेली रीत होती. वर उघडणारं दार तसंच उघडं ठेवायचं, आसनावरून सरकून रुंद उंबऱ्यावर बसायचं, अर्धं अंग बाहेर काढून मान वळवायची आणि पाय पेडलवर ठेवून गाडी मागे सरकवायची. मागच्या काचेतून जवळजवळ काहीच दिसत नसे, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. गंमत म्हणजे मालक ही कसरत अभिमानानं करून दाखवत. इतकी महागडी, इतकी वेगवान गाडी थोडा छळ करणारच, असा त्या काळचा समज होता. क्लच दाबताना मांडी भरून यायची, एसी नावापुरता असायचा आणि सर्व्हिसिंगचं बिल तर विचारूच नये. फेरारी ३४८चा नुसता टायमिंग बेल्ट बदलायचा म्हटलं तरी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे.

काउंटाशचं उत्पादन १९९०मध्ये थांबलं. त्याच वर्षी जपानच्या तोचिगी प्रांतात, ताकानेझावा इथल्या कारखान्यात होंडानं एनएसएक्स बनवायला घेतली. आसनांच्या मागे इंजिन, बसायला दोनच जागा, जमिनीपासून छतापर्यंत जेमतेम १.१७ मीटर उंची. वर्णनात ही गाडी काउंटाशच्याच जातकुळीतली. पण मागे घेताना तिच्या चालकाला दाराबाहेर लटकावं लागत नव्हतं.

स्पोर्ट्‌स कार रोज वापरता येते का, हा वाद रंगला की पाच मिनिटांत डिकीवर येतो. किती बॅगा मावतात, किराणा कुठे ठेवायचा वगैरे. मला डिकी हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग वाटतो. रोजची गाडी म्हणजे सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणारी, सिग्नलला वीस मिनिटं अडकली तरी तापमानाचा काटा जागेवर ठेवणारी, डावीकडून घुसणारा स्कूटरवाला जिच्यातून वेळेवर दिसतो अशी. कुठल्याही साध्या हॅचबॅकमध्ये या गोष्टी असतात, म्हणून त्या सोप्या वाटतात. तीच यादी ताशी २६० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या, कमरेएवढ्या उंचीच्या गाडीत उतरवायची म्हटलं की डिझायनरचा घाम निघतो.

गाडी वापरायला सोपी करण्याचा होंडाचा स्वभाव महाराष्ट्राला परका नव्हता. स्कूटर तिरकी करून किक मारण्यात एक पिढी घालवलेल्या आपल्या लोकांपुढे १९८४मध्ये पुण्याच्या कायनेटिकनं होंडाच्या साथीनं कायनेटिक होंडा आणली. बटण दाबलं की चालू, गिअर टाकायची भानगड नाही. त्याच वर्षी होंडानं इटलीतल्या पिनिनफरिनाकडून एचपी-एक्स नावाची एक संकल्पना-गाडी करून घेतली होती, मध्यभागी व्ही-सिक्स इंजिन असलेली. एनएसएक्सची सुरुवात तिथून धरली जाते. फॉर्म्युला वनमध्ये होंडाची इंजिनं तेव्हा जिंकायला लागली होती. १९८८मध्ये तर मॅकलॅरेन-होंडानं सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. कंपनीला फेरारीच्या पंक्तीला बसायचं होतं, पण फेरारीचे नखरे मात्र नको होते. शिगेरू उएहारा यांच्या हाताखालच्या चमूला मिळालेलं काम थोडक्यात असं.

सुरुवात त्यांनी बसण्याच्या जागेपासून केली. एफ-१६ या लढाऊ विमानाचं कॉकपिट डोळ्यांसमोर ठेवून चालकाला बरंच पुढे आणलं, डॅशबोर्ड खाली घेतला, छताचे खांब बारीक केले. चालकाला सभोवार सुमारे ३१२ अंशांचं दिसतं, असं होंडा सांगत असे. मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत हे फार अवघड, कारण पाठीमागे धातूची भिंतच उभी असते. चालक पुढे सरकला, म्हणून इंजिनाला जागा झाली. इंजिनाच्या मागे शेपूट लांबवलं, म्हणून जास्त वेगात गाडी स्थिर राहिली आणि तिथे डिकीही निघाली. गोल्फची पिशवी मावेल एवढी. या लांब शेपटाला समीक्षकांनी बरीच नावं ठेवली. मला ते दिसायला आवडतं असं म्हणणार नाही, पण ते कशासाठी आहे हे कळलं की खटकत नाही.

खरी पंचाईत वजनाची होती. एसी, चारही चाकांचे एबीएस ब्रेक, चामड्याची आसनं, पॉवर विंडो, चांगला स्टिरिओ हे सगळं घालायचं तर वजन चढणार आणि गाडीतली चपळाई जाणार. इतर कंपन्या सोयी कापून हा तिढा सोडवत. होंडानं उलटा मार्ग धरला: पोलादच काढून टाकलं. कारखान्यातून नियमित बाहेर पडणाऱ्या गाडीचा संपूर्ण सांगाडा आणि कवच ॲल्युमिनियमचं असण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यातून वाचलेलं वजन जवळपास २०० किलो. सगळ्या ऐषआरामासकट गाडी १,३७० किलोच्या आसपास बसली. ॲल्युमिनियम उष्णता आणि वीज भराभर वाहून नेतं, त्यामुळे त्याचं स्पॉट वेल्डिंग करायला पोलादापेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. नेहमीच्या असेंब्ली लाइनवर हे जमणारं नव्हतं. वेगळा कारखाना उभा राहिला आणि तिथे होंडानं आपले निवडक, अनुभवी असे दोनशेच्या आसपास कामगार आणले. म्हणजे एसी चालू ठेवून गाडी हलकी राहावी, यासाठी एवढा सगळा खटाटोप. एनएसएक्सबद्दल वाचताना मला याच गोष्टीचं सर्वांत जास्त नवल वाटत आलं आहे.

गाडी जवळजवळ तयार असताना, फेब्रुवारी १९८९मध्ये फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेना मॅकलॅरेन-होंडाच्या चाचणीसाठी सुझुका ट्रॅकवर आला होता. त्याला एनएसएक्सचा नमुना चालवायला दिला. त्याचं मत पडलं की गाडी जरा नाजूक वाटते. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर कदाचित हसण्यावारी गेलं असतं. होंडाचे इंजिनीअर जर्मनीत न्युरबुर्गरिंगजवळ मुक्काम ठोकून बसले, रोज गाडी ट्रॅकवर पिळायची, कुठे वाकते ते शोधायचं आणि तिथे धातू वाढवायचा. शेवटी सांगाड्याचा ताठपणा पन्नास टक्क्यांनी वाढला. ही हकीकत शर्यतीची म्हणून सांगितली जाते, पण तिचा फायदा साध्या रस्त्यावर जास्त मिळतो. सांगाडा ताठ असला की स्प्रिंग थोड्या मऊ ठेवता येतात आणि खड्ड्यातून जाताना डॅशबोर्ड कुरकुरत नाही.

इंजिनाची गोष्ट आणखी मजेदार. १९८९च्या शिकागो मोटर शोमध्ये गाडी दाखवली, तेव्हा तिच्यात व्हीटेक नव्हतं. होंडाचे तेव्हाचे अध्यक्ष तादाशी कुमे यांनीच ‘हे का नाही घातलं?’ असं विचारल्याचं सांगतात. व्हीटेकचे हेड रुंद, म्हणून इंजिन थोडं मागे कलवावं लागलं, चाकांमधलं अंतर वाढवावं लागलं. अगदी शेवटच्या टप्प्यावर एवढी उलथापालथ. पण ती आवश्यक होती. व्हीटेक म्हणजे एकाच कॅमशाफ्टवर दोन स्वभावांचे कॅम. कमी फेऱ्यांवर झडपा थोड्या आणि थोडा वेळ उघडतात, इंजिन समजूतदार राहतं, ट्रॅफिकमध्ये धक्के देत नाही. साधारण ५,८०० फेऱ्यांच्या पुढे तेलाच्या दाबानं एक पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि उंच कॅम ताबा घेतो. मग हेच ३ लिटरचं इंजिन ८,००० फेऱ्यांपर्यंत ओरडत जातं. एवढा वेग पेलायला त्याचे कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे केले होते. नेहमीच्या उत्पादनातल्या गाडीत तोवर कुणी ते केलं नव्हतं. ताकद साधारण २७० अश्वशक्ती.

आपल्याकडे गोव्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी निघाली, ती आठवते का? फायबरचं अंग आणि आत रेनॉचं १.२ लिटरचं छोटं इंजिन. रोज वापरता येण्याचा तोही एक मार्ग: दिसायला स्पोर्ट्‌स कार, धावायला छोटी गाडी. तो मार्ग सोपा आणि स्वस्त, आणि त्यात काही गैरही नाही. एनएसएक्सनं वेगात तडजोड न करता तेच साधायचं ठरवलं होतं.

त्याची पावती मिळाली ती गॉर्डन मरेकडून. फॉर्म्युला वनच्या गाड्या घडवणारा हा माणूस तेव्हा मॅकलॅरेन एफ-वन या सुपरकारच्या तयारीत होता. त्यानं फेरारी, पोर्श, लँबोर्गिनी सगळ्या चालवून पाहिल्या होत्या. जपानमध्ये एनएसएक्स चालवल्यावर त्यानं आपली मापं बदलली. नव्या गाडीचं बसणं, चालणं आणि रोजचं वागणं एनएसएक्ससारखं हवं, असं त्यानं ठरवलं. होंडाकडे इंजिनही मागितलं, ते मिळालं नाही, आणि एफ-वनमध्ये बीएमडब्ल्यूचं व्ही-ट्वेल्व्ह गेलं. मरेनं पुढे स्वतःसाठी एनएसएक्स घेतली आणि कित्येक वर्षं वापरली. जगातली सर्वांत वेगवान गाडी बनवणारा माणूस फिरायला होंडा काढतो, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला तरी सुचत नाही.

आता दुसरी बाजू. मागचे टायर ही गाडी खायची. चाकांची ठेवण वळणावरच्या पकडीसाठी केलेली, टायर मऊ, त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांचे मागचे टायर दहा हजार किलोमीटरच्या आतबाहेर गुळगुळीत व्हायचे. अमेरिकेत त्यावरून बरीच बोंब झाली. सुरुवातीच्या काही गिअरबॉक्समध्ये एक स्नॅप रिंग तुटायची आणि तिच्यापायी गिअरबॉक्सच निकामी व्हायचा. मॅन्युअल गाडीला पहिली काही वर्षं पॉवर स्टिअरिंग नव्हतं; इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आधी मिळालं ते ऑटोमॅटिकवाल्यांना, त्यामुळे मॅन्युअल पार्क करताना दंड कमवावे लागत. डिकी इंजिनाला चिकटून, म्हणून आत ठेवलेली मिठाई घरी पोचेपर्यंत कशी असेल ते सांगता येत नाही. पुढच्या बॉनेटखाली सामानाला जागाच नाही. आणि ॲल्युमिनियमचं अंग ठोकलं गेलं की नाक्यावरच्या डेंटरचं काम नाही. चुकीच्या हाती दुरुस्ती गेली तर गाडी सरळ उभी दिसते आणि तिरकी चालते. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये घरगुती सिमेंटचे जे स्पीडब्रेकर असतात, त्यांच्यापुढे तर कुठलीही स्पोर्ट्‌स कार हात टेकते. त्याला होंडाचा इलाज नाही, महापालिकेचा असू शकतो.

इतके गुण असूनही ही गाडी हवी तेवढी खपली नाही. १९९०पासून २००५पर्यंतच्या पंधरा वर्षांत १८,०००हून थोड्या जास्त. अमेरिकेत सुरुवातीला तिची किंमत सुमारे ६०,००० डॉलर होती. येन महाग होत गेला तसा आकडा चढला. जपानमधली तेजीही फुटली होती. १९९४मध्ये फेरारीनं ३५५ आणून घरचा अभ्यास पूर्ण केला. होंडानं छत काढता येणारी एनएसएक्स-टी दिली, १९९७मध्ये इंजिन ३.२ लिटरचं आणि गिअर सहा केले, २००२मध्ये उघडझाप करणारे हेडलाइट काढून कायमचे बसवले, पण मूळ गाडी तीच राहिली.

मोठं कारण मात्र माझ्या मते वेगळं आहे. एवढे पैसे मोजणाऱ्या बऱ्याच लोकांना त्रास हवा असतो. त्रासातून किस्से निघतात, किश्श्यांतून प्रतिष्ठा. एनएसएक्सचे स्विच हाताला ॲकॉर्डसारखे लागतात, ही तक्रार त्या काळच्या परीक्षणांत पुन्हा पुन्हा येते. ‘आत्मा नाही’ हा शब्दप्रयोगही. गाडी सहसा रस्त्यात बंद पडत नाही, याला आत्मा नसणं म्हणत असतील तर म्हणोत. ‘पल्प फिक्शन’ या १९९४च्या सिनेमात विन्स्टन वुल्फ नावाचा भानगडी निस्तरणारा माणूस भल्या सकाळी चंदेरी एनएसएक्स घेऊन धावत येतो. वेळेवर पोचणं हाच ज्याचा धंदा, त्याला ही गाडी शोभते.

गंमत अशी की सोयी कापलेली एनएसएक्सही होंडानंच काढली. १९९२ची टाइप आर फक्त जपानमध्ये विकली गेली. एसी, स्टिरिओ, आवाज अडवणारा थर काढून सुमारे १२० किलो उतरवले. आज संग्राहक तिच्यामागे वेडे आहेत. २०१६मध्ये आलेली दुसरी एनएसएक्स दुसऱ्या टोकाला गेली: अमेरिकेत ओहायोत बनणारी, दोन टर्बो आणि तीन इलेक्ट्रिक मोटर असलेली. सकाळी शेजाऱ्यांची झोप न मोडता विजेवर गुपचूप गल्लीबाहेर पडायची. पण वजन १,७०० किलोंच्या वर आणि डिकी पहिलीपेक्षाही लहान. २०२२ला ती बंद झाली तेव्हा जगभरात तीन हजारही विकल्या गेल्या नव्हत्या.

जुनीबद्दल मात्र होंडानं एक शहाणपणाची गोष्ट केली. १९९३पासून जपानमध्ये ‘रिफ्रेश प्लॅन’ सुरू केला. मालकानं गाडी परत पाठवायची; होंडाचे लोक ती तपासून इंजिन, सस्पेन्शन, आतली सजावट, जे सांगाल ते नव्यासारखं करून देणार. अमेरिकेत एका मालकानं आपली १९९२ची एनएसएक्स रोज वापरून चार लाख मैलांच्या पुढे नेली आहे, म्हणजे सुमारे ६ लाख ४० हजार किलोमीटर. आपल्याकडच्या टॅक्सीवाल्यानंही मान डोलवावी असा आकडा.

जुनी घ्यायला निघालेल्यांना जाणकार साधारण एकच सांगतात: टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप कधी बदलला ते विचारा, गिअरबॉक्सचा क्रमांक स्नॅप रिंगच्या यादीत येतो का पाहा, अंगावर जुनी दुरुस्ती झाली असेल तर ती कुणी केली याची कागदपत्रं मागा. आणि गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या, वर्षाला चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीपेक्षा रोज चाललेली, बिलं जपून ठेवलेली गाडी घ्या. सील आणि रबरी नळ्या उभ्या गाडीत लवकर सुकतात.