परभणीचा काळा दगड आणि चंद्रावरचे डाग

परभणी जिल्ह्यात विहीर खणताना काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा दगड लागतो. हा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. चंद्रावर दिसणारे काळसर डागही बेसाल्टचेच आहेत.

चंद्राचा उजळ भाग मात्र वेगळ्या आणि अधिक जुन्या खडकाचा आहे. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या द्रव्यातून चंद्र जन्मला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या वेळी चंद्र शेकडो किलोमीटर खोलीपर्यंत वितळलेला होता. हा शिलारस निवताना ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही जड खनिजे तळाशी बसली. मागाहून तयार झालेले प्लॅजिओक्लेज हे हलके खनिज वर तरंगले आणि त्याचे कवच बनले. या खडकाला अ‍ॅनॉर्थोसाइट म्हणतात. अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी १९७१ मध्ये त्याचा प्रसिद्ध नमुना आणला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने तपासलेली मातीही मुख्यतः याच जातीची निघाली.

कवच घट्ट झाल्यावर किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या उष्णतेने आतले काही थर पुन्हा वितळले. तो रस वर येऊन प्रचंड आघातांनी पडलेल्या खोलगट भागांत पसरला. यातला बहुतेक बेसाल्ट ३९० ते ३१० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. चीनच्या चांग-ई ५ यानाने २०२० मध्ये आणलेला नमुना मात्र जेमतेम २०० कोटी वर्षांचा. या बेसाल्टने चंद्राचा सुमारे १७ टक्के पृष्ठभाग व्यापला आहे.

दोन्हीकडच्या बेसाल्टमध्ये मोठा फरक पाण्यामुळे पडला. परभणीत पावसाने आणि हवेने दगड कुजून कापूस-सोयाबीनची कसदार काळी जमीन झाली. चंद्रावर हवा नाही, वाहते पाणी नाही. तिथे उल्कांच्या माऱ्याने दगडाचा केवळ भुगा होतो.

असा मारा बेसाल्टचे काय करतो, हे पृथ्वीवर पाहण्याच्या जागा फार थोड्या आहेत. त्यांतली सर्वांत परिचित जागा म्हणजे जिंतूरच्या उत्तरेला, बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर. चंद्रावरची विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ तिथल्या दगडांचा अभ्यास करतात.