शिरूरचे पाच निकाल आणि आपल्या मताची किंमत

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. कोण आला आणि किती मतांनी आला? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. ती मते कोणाची होती आणि त्या मतांच्या बदल्यात मत देणाऱ्याला काय मिळाले? भोसरी ते चाकण आणि चाकण ते रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या आंबेडकरी कामगाराने हा तिसरा प्रश्न आता स्वतःला विचारला पाहिजे. त्यासाठी शिवाजीराव आढळराव पाटील यांच्या पाच लोकसभा निवडणुकांचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. तीन विजय आणि दोन पराभव, एवढाच तो हिशेब नाही.

आढळराव आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीचे आणि व्यवसायाने उद्योजक. २००४ साली ते शिवसेनेत आले आणि त्याच वर्षी खेड लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. तोपर्यंत ही जागा राष्ट्रवादी काँग्रेसचे अशोक मोहोळ यांच्याकडे होती. पुढे २००८ च्या पुनर्रचनेत खेड मतदारसंघ संपला आणि जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी व हडपसर हे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून शिरूर लोकसभा मतदारसंघ तयार झाला. २००९ मध्ये आढळरावांनी राष्ट्रवादीचे विलास लांडे यांचा पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. २०१४ मध्ये देवदत्त निकम यांच्याविरुद्ध ही आघाडी तीन लाखांच्या वर गेली. राष्ट्रवादीचा बालेकिल्ला म्हणवल्या जाणाऱ्या पुणे जिल्ह्यात शिवसेनेचा माणूस तीन वेळा खासदार झाला, ही साधी गोष्ट नव्हती.

आणि मग २०१९ आले. राष्ट्रवादीने डॉ. अमोल कोल्हे यांना उभे केले. दूरचित्रवाणीवरील मालिकेत छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका करून ते घराघरात पोचलेले होते आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ते स्वतःच शिवसेनेत होते. कोल्हे यांना ६ लाख ३५ हजार ८३० तर आढळरावांना ५ लाख ७७ हजार ३४७ मते पडली. फरक ५८ हजार ४८३ मतांचा. तीन लाखांनी पुढे असलेला उमेदवार पाच वर्षांत अठ्ठावन्न हजारांनी मागे पडला!

२०२४ मध्ये तर सगळेच उलटेपालटे झाले. ज्या घड्याळाविरुद्ध आढळराव चार निवडणुका धनुष्यबाणावर लढले, तेच घड्याळ घेऊन ते पाचव्यांदा उभे राहिले. २०१९ मध्ये घड्याळावर निवडून आलेले कोल्हे आता तुतारी घेऊन समोर होते. अजित पवारांनी कोल्हे यांना पाडण्याचे जाहीर आव्हान दिले होते. प्रत्यक्षात कोल्हे १ लाख ४० हजार ९५१ मतांनी विजयी झाले. म्हणजे याच मतदारसंघात घड्याळाने आढळरावांना एकदा समोरून हरवले आणि एकदा सोबत राहून!

यातून काय शिकायचे? पहिली गोष्ट ही की, या पट्ट्यातील मतदार कोणाच्या मालकीचा नाही. आढळराव हे काही निष्क्रिय खासदार नव्हते. सोळाव्या लोकसभेत सर्वाधिक प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांत त्यांची गणना होत असे. तरीही मतदाराने त्यांना घरी बसवले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सभागृहात किती प्रश्न विचारले हा एक हिशेब आहे, पण कोणाचे प्रश्न विचारले हा वेगळा हिशेब आहे. गेल्या काही निवडणुकांत शिरूरमध्ये गाजलेले विषय आठवून पाहा. बैलगाडा शर्यत, चाकणचे हुकलेले विमानतळ, पुणे-नाशिक रस्त्यावरची वाहतूककोंडी आणि रेल्वे. हे विषय खोटे आहेत असे कोणी म्हणणार नाही. चाकणच्या चौकात दोन-दोन तास अडकणाऱ्या बसमध्ये आपलाच माणूस बसलेला असतो. पण त्या बसमधून उतरल्यावर तो ज्या कारखान्याच्या फाटकातून आत जातो, तेथे त्याच्या हातात ठेकेदाराचे ओळखपत्र असते, कंपनीचे नसते. त्याच यंत्रावर, त्याच पाळीत, तेच काम करूनही त्याचा पगार कायम कामगाराच्या पगारापेक्षा कितीतरी कमी असतो. हा विषय प्रचाराच्या मोठ्या सभांत कधी गाजला?

खासदाराचा आणि कंत्राटी कामगाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. वेतन संहिता संसदेने २०१९ मध्ये आणि उरलेल्या तीन कामगार संहिता २०२० मध्ये मंजूर केल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. कामावरून कमी करण्याचे नियम काय असावेत, संप कसा करावा, ठेकेदारी कोठे चालावी, हे सारे दिल्लीत ठरले आणि आपण निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या सभागृहात ठरले. चाकणच्या कामगाराने त्या वेळी आपल्या खासदाराला एक पत्र तरी लिहिले होते काय?

दुसरा विषय कोरेगाव भीमाचा. विजयस्तंभ याच शिरूर लोकसभा मतदारसंघात येतो. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे पूर्ण होत असताना, अभिवादनाला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. गाड्या जाळल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी या प्रकरणातील फिर्याद पिंपरी पोलीस ठाण्यात नोंदवली गेली आणि पुढे ती शिक्रापूरला वर्ग झाली. न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. त्यानंतर या मतदारसंघात लोकसभेच्या दोन निवडणुका झाल्या. ज्या भूमीवर हे घडले त्या भूमीचा प्रतिनिधी निवडताना हा प्रश्न अग्रभागी असायला हवा होता. तो आपणच अग्रभागी आणला नाही, तर दुसरे कोणी कशाला आणेल?

आता आपल्या मतांकडे येऊ. २०१४ मध्ये रामदास आठवले यांचा रिपब्लिकन पक्ष महायुतीत होता. ‘शिवशक्ती-भीमशक्ती’ची घोषणा २०११ पासूनच दिली जात होती. म्हणजे आढळरावांच्या त्या प्रचंड विजयात निळा झेंडा अधिकृतपणे सामील होता. त्यात आपली मते किती, हे कोणी मोजले नाही आणि आपणही विचारले नाही. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने स्वतंत्र उमेदवार दिला आणि त्याला ३८ हजारांच्या आसपास मते पडली. तेव्हा मात्र सर्वांना ही मते एकदम दिसू लागली! आघाडीला पाठिंबा दिला तर मते अदृश्य आणि स्वतंत्र लढले तर ‘मतविभागणी’, असा हा न्याय आहे.

मतविभागणीचा आरोप भावनेने नव्हे तर आकड्यांनी तपासला पाहिजे. शिरूरमध्ये वंचितची मते अडतीस हजार आणि विजयाचा फरक अठ्ठावन्न हजार. शेजारच्या मावळमध्ये, जेथे पिंपरी आणि चिंचवड हे विधानसभा मतदारसंघ येतात, वंचितला सुमारे ७६ हजार मते मिळाली. तेथे श्रीरंग बारणे यांनी पार्थ पवार यांचा २ लाख १५ हजार ९१३ मतांनी पराभव केला. दोन्ही ठिकाणी वंचितची सगळी मते पराभूत उमेदवाराच्या पारड्यात टाकली असती, तरी निकाल बदलला नसता. नांदेड आणि सोलापूरची गोष्ट वेगळी होती. तेथे २०१९ मध्ये वंचितची मते विजयाच्या फरकापेक्षा अधिक होती, हे मान्य केले पाहिजे. पण नांदेडचे खापर पिंपरी-चिंचवडच्या कार्यकर्त्याच्या डोक्यावर का फोडायचे?

आपल्या बाजूचाही दोष सांगितला पाहिजे. २०२४ मध्ये शिरूरमध्ये वंचितने आधी एक नाव जाहीर केले, काही दिवसांत ती उमेदवारी रद्द केली आणि नंतर दुसरा उमेदवार दिला. मते २०१९ पेक्षा घटली. पाच वर्षे वस्तीत काम करणारा उमेदवार तयार करायचा नाही आणि अर्ज भरायच्या आठवड्यात नाव शोधायचे, ही पद्धत चळवळीला शोभणारी नाही. त्या निवडणुकीत संविधानाच्या काळजीने आपला बहुसंख्य मतदार महाविकास आघाडीकडे वळला आणि महाराष्ट्रातील ४८ पैकी ३० जागा आघाडीला मिळाल्या. परंतु अवघ्या काही महिन्यांत, २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानात, शिरूर लोकसभेतील सहा विधानसभा मतदारसंघांपैकी आघाडीच्या हाती फक्त खेड-आळंदी लागला. एका लाटेत दिलेले मत दुसऱ्या लाटेत वाहून जाते. लाट ओसरल्यावर उभी राहते ती संघटना.

या पट्ट्यात थोड्या मतांना किती किंमत असते, हेही पाहा. त्याच विधानसभेत आंबेगावला दिलीप वळसे पाटील केवळ १ हजार ५२३ मतांनी निवडून आले. पराभूत झाले ते देवदत्त निकम, २०१४ मध्ये आढळरावांकडून हरलेले तेच निकम. त्यांच्या नावाशी साधर्म्य असलेल्या एका अपक्षाने या फरकाहून अधिक मते घेतली होती. पिंपरी या राखीव मतदारसंघात २०१४ साली शिवसेनेचे गौतम चाबुकस्वार राष्ट्रवादीचे अण्णा बनसोडे यांच्यापेक्षा २ हजार ३३५ मतांनी पुढे राहिले आणि रिपब्लिकन पक्षाच्या चंद्रकांता सोनकांबळे ४७ हजारांहून अधिक मते घेऊन तिसऱ्या आल्या. पहिला आणि तिसरा यांच्यात चार हजार मतांचेही अंतर नव्हते. चार हजार मते म्हणजे आपल्या दोन-तीन वस्त्या!

कोणी म्हणेल, राखीव जागेवर ठीक आहे, पण शिरूरसारख्या खुल्या मतदारसंघात आपले काय चालणार? त्यांनी १९५७ चा निकाल वाचावा. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. रिपब्लिकन पक्षाची स्थापना व्हायची होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन इतर पक्षांच्या बरोबरीने उतरले होते. त्या निवडणुकीत खेड या खुल्या मतदारसंघातून फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके लोकसभेवर निवडून गेले. त्याच निवडणुकीत नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावमधून बी. सी. कांबळे विजयी झाले. आज ज्या चाकणच्या माळावर कारखान्यांच्या रांगा आहेत, तो चाकण याच खेड तालुक्यातला. ज्या मातीने फेडरेशनचा माणूस खुल्या जागेवरून दिल्लीला पाठवला, त्या मातीत आज आपण ‘कोणाची मते खाल्ली’ या प्रश्नाला उत्तरे देत बसलो आहोत. १९५७ ला आघाडी होती, पण ती मुद्द्यावरची होती आणि बरोबरीची होती. जागा मागून घेतलेली नव्हती. १९६२ मध्ये ही जागा काँग्रेसकडे गेली, हेही विसरता कामा नये. मुद्दा संपला, फूट वाढली आणि जागा गेली.

म्हणून आता काय करायचे? वकील म्हणून मी पहिली गोष्ट कायद्याची सांगतो. आपला कामगार वीस वर्षे भोसरीत किंवा कुरुळीत राहतो, पण त्याचे नाव मतदारयादीत गावाकडे, बीडला, परभणीला नाहीतर लातूरला असते. १३ मे २०२४ रोजी शिरूर, मावळ आणि बीड येथे एकाच दिवशी मतदान झाले. ज्याला गावी जाणे परवडले नाही, त्याचे मत ना तिकडे पडले ना इकडे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जेथे सामान्यतः राहतो तेथे त्याची नोंद व्हायची असते. गावी घर आहे एवढे कारण पुरत नाही आणि येथे स्वतःचे घर नाही हीदेखील अडचण नाही. भाड्याच्या खोलीतला माणूसही येथला मतदार होऊ शकतो. दोन ठिकाणी नाव ठेवणे मात्र बेकायदेशीर आहे. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ आणि नव्या मतदारासाठी नमुना ६ भरावा लागतो. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर.

दुसरी गोष्ट सुटीची. १९५१ च्या कायद्यातील कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे आणि रोजंदारीवरचा कामगारही त्यात येतो. कलमातील दंड फक्त पाचशे रुपयांपर्यंत असल्याने ठेकेदाराला त्याची भीती वाटत नाही. पण शंभर कामगारांनी सहीचे निवेदन आधीच दिले, तर त्याला सुटी नाकारणे जड जाते, हा अनुभव आहे.

२०२४ मध्ये शिरूरमध्ये पंचवीस लाखांहून अधिक मतदार होते आणि मतदान झाले ५४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अकरा लाखांहून अधिक लोकांनी मत दिलेच नाही. विजयी उमेदवाराची मते सात लाखांना थोडी कमी. न पडलेली मते जिंकलेल्या मतांपेक्षा कितीतरी जास्त! आढळराव जिंकले काय आणि कोल्हे जिंकले काय, या अकरा लाखांना कोणी हिशेबात धरले नाही. त्यांत आपले किती, हे प्रत्येक विहाराच्या कार्यकर्त्याने आपापल्या वस्तीत यादी हातात घेऊन शोधायचे आहे.

बाबासाहेबांनी प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखे मूल्य दिले. मूल्य कागदावर मिळाले, किंमत वसूल करणे आपल्याकडे राहिले. पुढच्या वेळी उमेदवार, मग तो कोणत्याही चिन्हाचा असो, वस्तीत येईल तेव्हा त्याच्यासमोर तीन प्रश्न लेखी ठेवा. ठेकेदारीबद्दल तुमची भूमिका काय? कोरेगाव भीमाच्या चौकशीबद्दल तुम्ही सभागृहात काय विचारणार? आमच्या झोपडपट्टीच्या पुनर्वसनाचे काय? लेखी उत्तर देईल त्याच्याशी बोला. जो देणार नाही, त्याच्यासाठी चिन्हाकडे बघून बटन दाबण्याचे काही कारण नाही.