पागोळीचं पाणी जातं कुठे?

या रे पोरांनो, इथे पडवीच्या कडेला बसा. पागोळीखाली ओळीने पडलेली भोकं दिसतात? आणि तो खडा बघा, मातीच्या इवल्याशा खांबावर कसा बसलाय! तो खांब कुणी उभारला नाही. भोवतालची माती थेंबांनी उडवून नेली. खड्याने मार डोक्यावर झेलला, म्हणून त्याच्याखालची तेवढी वाचली.

"पण आजोबा, थेंब तर केवढासा असतो!"

थेंब केवढासा, पण छप्पर केवढं? 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर पाणी. आपलं छप्पर 100 चौरस मीटरचं. कोकणात आषाढात दिवसाला 100 मिलिमीटर पडला तर कुणाला नवल वाटत नाही. करा गुणाकार. 10,000 लिटर! अख्खा टँकर आपल्या अंगणात रिता होतो.

हे पाणी उतारावरून पळायला लागलं की त्याला भलतंच बळ येतं. वेग दुप्पट झाला, तर ते दुप्पट नव्हे, 64 पट वजनाचा दगड ढकलू शकतं. आणि वेग कमी झाला की तेच पाणी वाहून आणलेली माती मुकाट्याने खाली टाकतं. म्हणून पाण्याशी भांडायचं नाही, त्याला दमानं चालायला लावायचं.

कसं? आधी भिंतीलगतची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करायची, नाहीतर पाणी पायात मुरून भिंतीला ओल येते. पुढे उताराला आडवा, उथळ चर. त्याच्या खालच्या काठाला वाळा. त्याची मुळं फारशी पसरत नाहीत, सरळ दोन-तीन मीटर खोल जातात. वरची दाट पाती गाळ अडवतात. चराच्या शेवटी, घरापासून तीनेक मीटर लांब, पसरट खळगा. त्यात कर्दळ नि अळू लावायचं. कुजलेल्या मुळांच्या पोकळ वाटांतून आणि गांडुळांच्या बिळांतून पाणी खाली उतरतं. खळगा भरलाच, तर जादा पाणी व्हाळाकडे जायला सांडवा ठेवायचा.

"आणि डास?"

शाब्बास! अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पाऊस उघडल्यावर दिवस-दीड दिवसात खळगा कोरडा झाला, की डासांचा डाव फसला. म्हणून आधी फूटभर खड्डा खणून पाणी ओतून बघायचं. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल, तर जागा बदलायची.

आता सर आली की दोन पेले घ्या. एकात उघड्या उतारावरून येणारं पाणी भरा, दुसऱ्यात गवतातून येणारं. कुठलं जास्त गढूळ ते मला सांगा. चर कुठून खणायचा, ते तुम्हीच ठरवाल.